ढगातले कोठार आणि घरचे फडताळ

"फाइल क्लाउडवर आहे," हे वाक्य आता घरोघरी ऐकू येते. क्लाउड म्हणजे ढग. त्यामुळे ऐकणाऱ्याची सहजच अशी समजूत होते की, आपली कागदपत्रे कुठेतरी अधांतरी तरंगत आहेत आणि हवी तेव्हा ती पावसासारखी खाली येतील. पाऊस वेळेवर आला नाही म्हणजे शेतकऱ्याची जी अवस्था होते, तीच मग फाइल वेळेवर उतरली नाही म्हणजे आपली होते. उद्या सकाळी बँकेत घराचे खरेदीखत दाखवायचे असते. संगणकावर फोल्डर दिसते, पण उघडत नाही. किंवा उघडते, पण आत काहीच नसते. किंवा डाउनलोड शेवटाशी येऊन अडून बसते. अशा वेळी माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस हाताशी येईल ते बटण दाबतो. फाइल कायमची जाते ती पुष्कळदा मूळ बिघाडामुळे नव्हे, तर ह्या घाईतल्या दाबादाबीमुळे. तेव्हा बटणांकडे वळण्यापूर्वी, मुळात हा कारभार चालतो कसा, हे थोडे समजून घेऊ.

पहिली गोष्ट ही की, हा ढग आकाशात नाही. तो जमिनीवर, पक्क्या इमारतीत आहे. आत यंत्रांच्या रांगा, त्यांना गार ठेवणारी हवा आणि अखंड वीज, असा तो सारा थाट असतो. अशी केंद्रे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गूगलने २०१७ साली मुंबईतच आपल्या क्लाउड सेवेचे ठाणे सुरू केले. अर्थात, तुमची फाइल नेमकी तिथेच असेल असे नाही; ती दुसऱ्या देशातही असू शकेल. पण ती कुठेतरी एका तबकडीवर, ठरलेल्या जागी आहे, एवढे मनाशी धरावे.

म्हणजे आपल्यापुढे तीन गोष्टी आल्या. एक, ते दूरचे कोठार. दोन, तिथून घरापर्यंतची वाट, म्हणजे इंटरनेट आणि ब्राउझर. तीन, आपल्या घरचे फडताळ, म्हणजे संगणकाची डिस्क. बिघाड कोणताही असो, तो ह्या तिहींपैकी एका ठिकाणी असतो. कोठारातच माल नाही, की वाट अडली आहे, की माल दाराशी आला पण फडताळात मावत नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की अर्धे काम झाले.

उत्तर मिळवण्याची रीतही अगदी साधी आहे. संगणकावरचे फोल्डर बाजूला ठेवा. ब्राउझर उघडा, आणि गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, जे काही तुम्ही वापरत असाल त्याच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या खात्यात शिरा. फाइल तिथे दिसली आणि उघडली, तर निःश्वास सोडा. माल कोठारात सुखरूप आहे. आता प्रश्न केवळ तो आणण्याचा उरला. तिथे ती दिसली नाही, तर मात्र संगणकावरच्या कशालाही हात लावू नका. कारण मग कदाचित तिची एकुलती एक प्रत संगणकावरच असेल.

इथे एक फसगत होते, ती आधीच सांगून ठेवतो. पुष्कळांची दोन-दोन, तीन-तीन खाती असतात. एक घरचे, एक कचेरीचे, एक मुलाच्या शाळेचे. ब्राउझरमध्ये भलतेच खाते उघडलेले असते, आणि आपण "माझ्या फायली गेल्या हो" म्हणून आकांत मांडतो. किंवा दुसऱ्याने पाठवलेला दुवा आपण दाबतो, आणि परवानगी नाही असे उत्तर येते. कारण दुवा पाठवला एका पत्त्यावर आणि आपण आत गेलो दुसऱ्या पत्त्याने. म्हणून उजव्या कोपऱ्यातले खात्याचे चिन्ह दाबून पत्ता वाचावा. शंका असेल तर ब्राउझरची खाजगी खिडकी, जिला इन्कॉग्निटो म्हणतात, ती उघडून एकाच खात्याने आत जावे. त्या खिडकीत डाउनलोड सुरळीत झाले, तर दोष कोठाराचा नाही. दोष आहे तो ब्राउझरमध्ये साठलेल्या जुन्या नोंदींचा, किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या उपऱ्या पुरवणीचा.

आता दुसरी गोष्ट. ही नीट कळली नाही, तर पुढचे सारे कोड्यासारखे वाटेल. संगणकावर फाइलचे नाव दिसते, ह्याचा अर्थ फाइल संगणकावर आहे असा होत नाही! पूर्वी जे दिसे ते असे. आता तसे राहिलेले नाही. डिस्कवरची जागा वाचावी म्हणून ह्या सेवा फाइल कोठारातच ठेवतात आणि आपल्या फडताळात तिची नुसती पावती ठेवतात. पावतीवर नाव असते, तारीख असते, आकारही लिहिलेला असतो. पण पावती म्हणजे काही धान्य नव्हे. तुम्ही फाइलवर टिचकी मारली की ती त्या क्षणी कोठारातून मागवली जाते. घरी इंटरनेट असते, म्हणून आपल्याला हे जाणवत नाही. पण एसटीत बसून गावी निघालात, घाटात लॅपटॉप उघडला, की फाइल उघडत नाही, आणि मग "काल तर होती!" असे आपण म्हणतो. काल ती नव्हतीच. काल होती ती पावती.

विंडोजवरच्या वनड्राइव्हमध्ये ह्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. नावाशेजारी निळा ढग असेल, तर समजावे की ही नुसती पावती आहे. पांढऱ्या वर्तुळात हिरवी बरोबरची खूण असेल, तर फाइल सध्या संगणकावर आहे. पण जागेची गरज पडल्यास ती पुन्हा पावती होऊ शकते. भरीव हिरव्या वर्तुळात पांढरी खूण असेल, तर ती कायम संगणकावर राहणार. गोल फिरणारे बाण म्हणजे ने-आण चालू आहे, आणि लाल वर्तुळातली फुली म्हणजे काहीतरी अडले आहे. प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री, हव्या त्या फोल्डरवर उजवी कळ दाबून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' हा पर्याय निवडावा आणि हिरवी वर्तुळे भरीव होईपर्यंत थांबावे. गूगल ड्राइव्हच्या संगणकावरील कार्यक्रमात हेच काम 'ऑफलाइन ॲक्सेस' ह्या पर्यायाने होते. त्या कार्यक्रमात मुळातच दोन पद्धती आहेत. 'स्ट्रीम' पद्धतीत एक वेगळा ड्राइव्ह दिसतो आणि त्यात बहुतेक पावत्याच असतात. 'मिरर' पद्धतीत सगळ्या फायली खरोखर तुमच्या डिस्कवर ठेवल्या जातात. आपण कोणती पद्धत निवडली आहे, हे एकदा सेटिंगमध्ये पाहून ठेवावे.

पावतीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो फार घातक आहे. गूगल डॉक्स, शीट्स किंवा स्लाइड्समध्ये तयार केलेला मजकूर ही खऱ्या अर्थाने फाइलच नसते. तो गूगलच्या कोठारातच राहतो. संगणकावरच्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये त्याचे नाव दिसते खरे, पण ती निव्वळ पत्त्याची चिठ्ठी असते. एखाद्या विद्यार्थ्याने वर्षभर खपून प्रबंध गूगल डॉक्समध्ये लिहिला, आणि 'एक प्रत जवळ असावी' म्हणून ते फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, तर त्या पेनड्राइव्हवर प्रबंधाचा एक शब्दही जात नाही. नुसत्या चिठ्ठ्या जातात. खाते बंद पडले, म्हणजे त्या चिठ्ठ्या कवडीमोलाच्या. खरी प्रत हवी असेल, तर तो मजकूर उघडून 'फाइल' आणि मग 'डाउनलोड' ह्या मार्गाने वर्ड किंवा पीडीएफच्या रूपात घ्यावा.

आता प्रत्यक्ष डाउनलोडकडे वळू. ब्राउझरमधून एक फाइल घेणे सोपे असते. अडचण येते ती अख्खे फोल्डर घेताना. फोल्डर जसेच्या तसे ब्राउझरमधून पाठवता येत नाही. म्हणून कोठारवाले त्यातल्या सगळ्या फायली एका गाठोड्यात बांधतात. ह्या गाठोड्याला झिप म्हणतात. फोल्डर मोठे असेल, तर गूगल ड्राइव्ह एकाऐवजी अनेक गाठोडी करते, साधारण २ जीबीचे एक. फार मोठी फाइल असली तर ती गाठोड्याबाहेर सुटीच येते. आता गंमत अशी की, फोल्डर कुठे तोडावे ह्याचा काही नेम नसतो. 'लग्न' ह्या फोल्डरातले दोनशे फोटो पहिल्या गाठोड्यात, तर उरलेले तिसऱ्यात, असे होऊ शकते. माणूस पहिले गाठोडे सोडतो, दोनशेच फोटो पाहतो, आणि बाकीचे हरवले असे समजतो. ह्याला उपाय असा: सगळी गाठोडी आली आहेत की नाही ते त्यांच्या क्रमांकावरून मोजा. मग ती सगळी एकाच जागी सोडा. संगणक विचारील की ह्या नावाचे फोल्डर आधीच आहे, त्यातच मिळवू का? होकार द्या. शेवटी फायलींची संख्या कोठारातल्या संख्येशी ताडून पाहा.

अनेक गाठोडी येत असताना ब्राउझर मध्येच एक प्रश्न विचारतो की, हे संकेतस्थळ एकापाठोपाठ अनेक फायली उतरवू पाहत आहे, परवानगी द्यावी का? हा प्रश्न वरच्या कोपऱ्यात लहानशा अक्षरांत येतो आणि आपल्या नजरेतून सुटतो. मग पहिले गाठोडे येते आणि बाकीची येतच नाहीत. आणि आलेली फाइल गेली कुठे, हा तर नेहमीचाच प्रश्न. त्यासाठी कंट्रोल आणि जे ह्या दोन कळा एकदम दाबाव्यात. उतरलेल्या फायलींची यादी समोर येते. तिथे जर नावाच्या शेवटी 'सीआरडाउनलोड' किंवा 'पार्ट' अशी अक्षरे दिसली, तर ती फाइल अर्धवट आहे. क्रोममध्ये पहिले शेपूट लागते, फायरफॉक्समध्ये दुसरे. ते शेपूट पुसून नाव बदलल्याने फाइल पुरी होत नाही. ती पुन्हाच घ्यावी लागते.

झिप उघडण्यातही एक खाच आहे. विंडोजमध्ये झिपवर दोनदा टिचकी मारली की आतल्या फायली साध्या फोल्डरासारख्या दिसतात, आणि आपण गाठोडे न सोडताच आतली फाइल उघडून कामाला लागतो. तासभर टंकून झाल्यावर ती साठवायला जावे, तर साठवता येत नाही. किंवा साठते ती कुठल्यातरी तात्पुरत्या जागी, आणि पुन्हा सापडत नाही. म्हणून नियम असा करावा की, झिप आली की आधी उजवी कळ, मग 'एक्स्ट्रॅक्ट ऑल', आणि मगच काम. डिस्कवर जागाही त्या हिशोबाने ठेवावी. १० जीबीचे फोल्डर असेल, तर गाठोड्याचे १० आणि सोडलेल्या मालाचे १०, मिळून २० जीबी जागा मोकळी हवी. गाठोडे सोडून, मोजून झाल्यावर मग खुशाल पुसून टाकावे.

वेळेचाही हिशोब आधी करावा, म्हणजे 'अडकले' आणि 'चालू आहे' ह्यांतला फरक कळतो. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे २० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर दर सेकंदाला अडीच मेगाबाइटच उतरतात. १० जीबीला ४,००० सेकंद, म्हणजे एक तास आणि वर सात मिनिटे. तीही वाट मोकळी असेल तर. वर चढवण्याचा वेग कित्येकदा ह्याहूनही कमी असतो; तो ५ मेगाबिट असेल, तर तेवढ्याच मालाला साडेचार तासांच्या आसपास लागतात. आणि मध्येच लॅपटॉप झोपी गेला की काम तुटलेच! तेव्हा मोठे डाउनलोड लावताना चार्जर लावावा आणि संगणकाची आपोआप झोपण्याची सवय तेवढ्यापुरती बंद करावी. फोनच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोजने ती जोडणी 'मीटर्ड' म्हणून नोंदलेली असेल, तर तुमचे पैसे वाचावेत म्हणून वनड्राइव्ह आपले काम स्वतःहून थांबवते. बॅटरी बचतीची सोय चालू असतानाही ते असेच थांबते. हा बिघाड नव्हे. 'सिंक एनीवे' असा पर्याय समोर येतो. पैशांची तयारी असेल तर तो निवडावा.

कधी कधी वाट मोकळी असते, फडताळात जागाही असते, पण कोठाराचा पहारेकरीच माल सोडत नाही. फाइलच्या मालकाने डाउनलोडची मुभा काढून घेतलेली असते. मग वाचता येते, पण उतरवता येत नाही. त्यासाठी मालकालाच विनंती करावी. किंवा एकच फाइल थोड्या वेळात असंख्य लोकांनी मागितलेली असते. परीक्षेच्या आदल्या दिवशी नोट्सचा एकच दुवा सगळ्या वर्गांत फिरतो, तेव्हा हे हमखास घडते. मग गूगल ड्राइव्ह सांगते की ह्या फाइलला फार मागणी झाली आहे, नंतर या. अशा वेळी २४ तासांपर्यंत थांबावे लागते. तुमचा संगणक त्याला काही करू शकत नाही, म्हणून तो पुनःपुन्हा बंद-चालू करण्यात अर्थ नाही.

आता नावाची कहाणी ऐका. विंडोजला फाइलच्या नावात काही चिन्हे चालत नाहीत: तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, कोलन, तारका, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि कोनाकृती कंस. आता आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा कागद कोणता? सातबारा! आणि तो लिहायचा कसा? ७, तिरकी रेघ, १२. ब्राउझरमधून गूगल ड्राइव्हमध्ये हे नाव बिनदिक्कत देता येते. पण ती फाइल विंडोजवर उतरली, की तिरकी रेघ जाते आणि तिच्या जागी बहुधा अधोरेषा येते. तुम्ही जुन्या नावाने शोधत बसता आणि फाइल सापडत नाही. तारखांचेही तेच. म्हणून नावात 'सातबारा' असे अक्षरी लिहावे, आणि तारखेत तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ घालावी.

नावाची लांबी हाही एक अडसर आहे. विंडोजमधले कितीतरी कार्यक्रम अजूनही संपूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा सारा मार्ग, २६० अक्षरांच्या आत असावा असे धरून चालतात. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, आणि प्रत्येकाचे नाव म्हणजे एक वाक्य, अशी रचना कोठारात चालून जाते. पण गाठोडे सोडताना 'पाथ टू लाँग' अशी तक्रार येते. उपाय सोपा आहे. थेट सी ड्राइव्हवर 'क' अशा एका अक्षराचे फोल्डर करावे आणि गाठोडे त्यात सोडावे. पत्ता आपोआप आखूड होतो. मराठी नावांना लिनक्सवर आणखी एक अडचण येते. तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. म्हणजे २५५ ऐवजी ८५ चिन्हांतच नाव संपते. मराठी नावे जरूर द्यावीत. फक्त ती सुटसुटीत असावीत.

पेनड्राइव्हवर मोठी चित्रफीत उतरवताना 'फाइल फार मोठी आहे' असे उत्तर आले आणि पेनड्राइव्ह तर अर्धा रिकामा आहे, असा अनुभव कुणाला आला असेल. त्याचे कारण त्या पेनड्राइव्हची मांडणी. फॅट थर्टीटू ह्या जुन्या मांडणीत ४ जीबीहून मोठी एकच फाइल बसत नाही, मग जागा कितीही असो. तो 'एक्सफॅट' मांडणीत नव्याने तयार करावा. मात्र तसे केल्याने त्यातले सर्व पुसले जाते, म्हणून आधीचा माल दुसरीकडे काढून ठेवावा.

फोल्डर अदृश्य होण्याची तक्रार पुष्कळ वेळा वनड्राइव्हच्या एका सोयीतून निघते. विंडोज तुम्हाला विचारते, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ह्या फोल्डरांची प्रत कोठारात ठेवू का? आपण हो म्हणतो. त्या क्षणी ही फोल्डरे मूळ जागेवरून उठून वनड्राइव्हच्या फोल्डरात जाऊन बसतात. पुढे कधीतरी कोठारातली फुकट जागा, वनड्राइव्हमध्ये ती ५ जीबी असते, ती भरते. आपण वैतागून ती सोय बंद करतो, आणि पाहतो तो डेस्कटॉप मोकळा! फायली गेलेल्या नसतात. त्या वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या 'डेस्कटॉप' नावाच्या फोल्डरात तशाच असतात. आपला डेस्कटॉप तेवढा जुन्या, रिकाम्या जागी परतलेला असतो. तिथे जाऊन पाहा. ज्यांच्यापुढे निळा ढग असेल त्या आधी संगणकावर कायमच्या उतरवून घ्या, मग त्यांची प्रत मूळ जागी ठेवा, आणि उघडून खात्री झाल्यावरच पुढचे काय ते ठरवा.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हे कोठार आणि तुमचे फडताळ एकमेकांना दोरीने बांधलेले आहेत. एकीकडे जे घडते ते दुसरीकडे घडते. समजा, आईच्या संगणकावर आणि मुलाच्या लॅपटॉपवर एकच खाते चालू आहे. मुलाच्या लॅपटॉपवरची जागा संपली. त्याने पाहिले, आईच्या फोटोंचे फोल्डर भले मोठे आहे. "आईकडे आहेतच की," असे म्हणून त्याने ते पुसले. त्याच्या मते त्याने आपल्यापुरते पुसले. पण दोरी ओढली गेली. कोठारातून फोटो गेले आणि थोड्या वेळाने आईच्या संगणकावरूनही गेले. त्याने करायला हवे होते ते एवढेच, की फोल्डरवर उजवी कळ दाबून 'फ्री अप स्पेस' निवडायचे. म्हणजे फोटो कोठारात राहून लॅपटॉपवर केवळ पावत्या उरल्या असत्या. असे घडलेच, तर हातपाय गाळू नयेत. संकेतस्थळावर कचऱ्याची टोपली असते. गूगल ड्राइव्हमध्ये आणि घरगुती वनड्राइव्हमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस त्या टोपलीत राहते. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यातही ३० दिवसांपर्यंत ती परत घेता येते. एकतिसाव्या दिवशी मात्र पश्चात्तापाखेरीज काही हाती राहत नाही.

ही दोरी दोन्ही टोकांना सारखी असते असेही नाही, हे २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात दिसून आले. गूगल ड्राइव्हच्या संगणकावरील कार्यक्रमाच्या ८४ व्या आवृत्तीत दोष निघाला, आणि काही लोकांच्या कित्येक महिन्यांच्या फायली एकाएकी दिसेनाशा झाल्या. गूगलने तेव्हा पहिली सूचना कोणती दिली असेल? 'डिस्कनेक्ट अकाउंट' हे बटण दाबू नका, आणि कार्यक्रमाने संगणकावर केलेले साठवणीचे फोल्डर पुसू किंवा हलवू नका. कारण जे कोठारात चढलेच नव्हते, ते त्या लपलेल्या फोल्डरात शिल्लक असण्याची शक्यता होती. पुढे गूगलने नव्या आवृत्तीतून ते परत मिळवण्याची सोय दिली. ज्यांनी हात आवरला, त्यांना तिचा उपयोग होण्याची आशा होती. ज्यांनी आधीच सारे पुसून नव्याने मांडले, त्यांनी ती आशाही पुसली. ह्यातून घ्यायचा धडा उघड आहे. बिघाड दिसताच कार्यक्रम काढून टाकून पुन्हा बसवणे, हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी संकेतस्थळावर जाऊन पाहा. मग खाते बरोबर आहे का ते पाहा. मग नाव शोधा, टोपली शोधा. दुसऱ्याने वाटून दिलेले फोल्डर असेल, तर मालकाला फोन करा. मालकाने ते काढून घेतले असले तर तुमच्याकडूनही ते जाते. त्यानंतर कोठारातली जागा तपासा. गूगलची फुकट जागा १५ जीबी असते, आणि ती ड्राइव्ह, फोटो आणि पत्रे ह्या तिघांत मिळून असते. ती भरली की नवे काहीही वर चढत नाही, आणि काही काळाने पत्रेही येईनाशी होतात. एवढे झाल्यावर संगणक एकदा बंद करून चालू करा. आणि कार्यक्रम काढायचाच झाला, तर त्याआधी संगणकावर जे खरोखर आहे त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. कोठारातला माल कोठारवाल्याच्या नियमांनी राहतो. दोन वर्षे न वापरलेले गूगलचे घरगुती खाते काढून टाकण्याचा नियम आहे, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून तो अंमलात येऊ लागला. घरातले वडीलधारे माणूस गेले, त्यांचे खाते कुणी उघडले नाही, म्हणजे त्यांनी जमवलेले फोटो आणि कागदही एके दिवशी जातील. एकमेकांना दोरीने बांधलेल्या दोन प्रती ह्या खऱ्या अर्थाने दोन नव्हेत. जे गमावून चालणार नाही, त्याच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यातली एक तरी घराबाहेर असावी. कोठार ही घराबाहेरची प्रत झाली. संगणक ही दुसरी. तिसरी प्रत म्हणजे एक बाहेरची डिस्क, जी एरवी कशालाच जोडलेली नसते आणि महिन्यातून एक दिवस काढून भरली जाते. आपल्या आज्या बियाणे वेगळ्या मडक्यात राखेत घालून ठेवीत आणि पेरणीपर्यंत त्याला कुणाला हात लावू देत नसत. घरचे खरेदीखत, आईवडिलांचे फोटो आणि मुलांची गुणपत्रके हे आपले बियाणे आहे. ह्या रविवारी तासभर काढून त्याची ती तिसरी प्रत करून ठेवा.